भुईमुगाच्या दाण्यात तेल कसे भरते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पाटाखालील एका गावी उन्हाळी भुईमुगाचे पीक उभे होते. आधीचे पीक निघण्यास विलंब झाल्यामुळे पेरणी फेब्रुवारीच्या अखेरीस झाली होती. मे महिना सरत आला, सातमाळ्याच्या बाजूने आभाळ भरून येऊ लागले, तेव्हा शेतकरी बंधूंनी मला विचारले, "साहेब, उपटू की थांबू?" मी पेरणीची तारीख विचारली. नव्वद दिवस होऊन गेले होते. दोन-चार वेल उपटून पाहिले. शेंगा भरपूर होत्या, आकाराने मोठ्या होत्या. मी उपटण्यास सांगितले.

ओल्या शेंगांची रास पाहून सर्वांना समाधान वाटले. परंतु आठ दिवसांनी शेंगा वाळल्या आणि दाणे सुरकुतले. व्यापाऱ्याने मूठभर शेंगा फोडल्या, दाणे तळहातावर घेतले आणि भाव उतरवला. पुढे त्या घरी गेलो असता शेतकऱ्याच्या वृद्ध मातोश्रींनी मला एकच प्रश्न केला, "भाऊ, शेंग तर भरलेली दिसत होती. मग तेल गेलं कुठं?"

"दाणा कच्चा होता," एवढेच उत्तर मी त्या वेळी दिले. ते खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते. दाणा कच्चा असतो म्हणजे त्यात नेमके काय व्हायचे राहिलेले असते, हे मला त्यांना सांगता आले नाही. तेल दाण्यात कोठून येते, कसे तयार होते आणि केव्हा भरते हे समजले म्हणजे उपटण्याचा दिवस ठरवणे, शेवटची पाण्याची पाळी देणे आणि पाने निरोगी राखणे या गोष्टींचे महत्त्व आपोआप ध्यानी येते. म्हणून हा लेख.

तेल म्हणजे काय?

भुईमूग, तीळ, करडई, जवस, सरकी, एरंडी या सर्वांच्या तेलांची घडण एकच आहे. ग्लिसरीनच्या एका कणाला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. तिफणीला तीन फण असतात तसे हे रूप समजावे. प्रत्येक साखळी कार्बनच्या अणूंची बनलेली असते. साखळी किती लांब आहे आणि तिच्यात दुहेरी जोड किती आहेत, यावरून त्या तेलाचा स्वभाव ठरतो.

आपल्या पिकांतील बहुतेक मेदाम्ले सोळा किंवा अठरा कार्बनची असतात. अठरा कार्बनच्या साखळीत एक दुहेरी जोड असला तर ते ओलिक आम्ल, दोन असले तर लिनोलिक आम्ल आणि तीन असले तर लिनोलेनिक आम्ल होय. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल सुमारे निम्मे असते. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून जवसाचे तेल रंगकामात वापरतात. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे पाऊण हिस्सा असते. तिळाच्या तेलात ओलिक आणि लिनोलिक ही दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. एरंडीच्या तेलातील मुख्य आम्लही अठरा कार्बनचेच आहे. पण त्याच्या साखळीवर प्राणवायू व हायड्रोजन यांची एक जोडी बसलेली असल्यामुळे ते तेल दाट व चिकट होते आणि यंत्रांच्या कामी येते.

रोप हा सारा खटाटोप आपल्यासाठी करीत नाही. उगवताना कोवळ्या अंकुराला पाने फुटेपर्यंत शिदोरी लागते, ती ते साठवते. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा देते, तर एक ग्रॅम तेल सुमारे ९. लहानशा दाण्यात अधिक शिदोरी मावावी यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे.

पानापासून दाण्यापर्यंत

तेल पानात तयार होऊन दाण्यात येत नाही, हे प्रथम नीट समजून घ्यावे. पान सूर्यप्रकाशात साखर तयार करते. ही साखर देठातून, फांदीतून आणि आरीतून जमिनीखालील शेंगेत पोचते. दाण्याची पेशी त्या साखरेचे तुकडे करते आणि शेवटी दोन कार्बनचा एक लहान तुकडा हाती येतो. हाच तेलाचा कच्चा माल.

मोहरीची शेंग हिरवी असते आणि उजेडात वाढते. त्यामुळे तिच्यातील हिरव्या दाण्यांना तेल करताना थोडीफार मदत प्रकाशाचीही होते. भुईमुगाचा दाणा मात्र मातीखाली, अंधारात वाढतो. त्याला लागणारा माल आणि तो घडवण्यास लागणारी शक्ती, दोन्ही पानांकडून आलेल्या साखरेतूनच मिळवावी लागतात. पाने थांबली की दाण्यातील कारखाना बंद पडलाच म्हणून समजावे.

डब्याला डबा जोडावा तसे

आपल्या चाळीसगाव स्थानकात मालगाडीला डबे जोडताना सर्वांनी पाहिले आहेत. मेदाम्लाची साखळी जवळजवळ तशीच वाढते. पेशीतील लवक नावाच्या सूक्ष्म कोठडीत दोन कार्बनचा पहिला तुकडा उभा असतो. त्याला प्रत्येक फेरीत दोन कार्बनचा एक नवा डबा जोडला जातो. सात फेऱ्या झाल्या की सोळा कार्बनची साखळी होते, आठव्या फेरीत अठरा कार्बनची.

यात एक गंमत आहे. जोडण्यासाठी येणारा डबा दोन कार्बनचा नसून तीन कार्बनचा असतो. त्याला मॅलोनिल म्हणतात. दोन कार्बनच्या तुकड्यावर कर्बवायूचा एक कार्बन चढवून तो तयार होतो, आणि जोड बसताक्षणी तो जादा कार्बन पुन्हा कर्बवायूच्या रूपाने निघून जातो. डबा ढकलून देणारे इंजिन काम होताच बाजूला व्हावे, तसेच हे आहे. या पायरीचा उलगडा १९५८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात सलीह वकील यांच्या कामातून झाला. त्यांनी प्रयोग केला होता कबुतराच्या यकृतावर. परंतु हीच रीत वनस्पतीतही चालते असे पुढे दिसून आले. मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल यांच्या घडणीवरील संशोधनाबद्दल कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन या शास्त्रज्ञांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळी वाढत असताना ती धरून ठेवणारे एक प्रथिन असते. त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो आणि साखळी त्या गंधकालाच अडकवलेली असते. तेलबियांना गंधक द्यावे असे आपण नेहमी सांगतो. त्या शिफारशीमागील एक कारण या आकड्यात दडलेले आहे. दाण्यातील प्रथिनांनाही गंधक हवेच असते.

अठरा कार्बनचे जंक्शन

चाळीसगावास मुंबई-भुसावळ मार्गापासून धुळ्याचा फाटा फुटतो. मेदाम्लाच्या प्रवासातही अठरा कार्बन हे असेच जंक्शन आहे. येथवरचा मार्ग सर्व तेलबियांत एकच. पुढे कोणती गाडी कोणत्या फाट्याने जाणार, हे त्या पिकाचे बीजगुण ठरवतात.

लवकातच अठरा कार्बनच्या बहुतेक साखळ्यांत पहिला दुहेरी जोड बसतो आणि ओलिक आम्ल तयार होते. नंतर साखळी लवकाबाहेर पडून पेशीतील पडद्यांच्या जाळ्यात येते. तेथे एक विकर तिच्यात दुसरा दुहेरी जोड बसवून लिनोलिक आम्ल करते. जवसात आणखी एक विकर तिसरा जोड बसवते. दुसरा फाटा लांबीचा आहे. या जाळ्यातच काही साखळ्यांना पुन्हा दोन-दोन कार्बनचे डबे लागतात आणि त्या वीस, बावीस, चोवीस कार्बनपर्यंत वाढतात. हे काम करणाऱ्या विकराचा जनुक १९९५ मध्ये मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या लहानशा रोपात ओळखण्यात आला.

मोहरीच्या नेहमीच्या वाणांत या फाट्यावर मोठी वाहतूक असते. त्यामुळे त्यांच्या तेलात बावीस कार्बनचे इरुसिक आम्ल बहुधा ४० ते ५० टक्के आढळते. कॅनडातील पैदासकारांनी १९७० च्या दशकात निवड पद्धतीने हा फाटा जवळजवळ बंद करून कमी इरुसिक आम्लाचे वाण तयार केले. त्यांचेच नाव कॅनोला. ज्वारी-बाजरीत कणीस लहान की मोठे हे पाहून निवड करतात, तशीच ही निवड तेलाची साखळी पाहून केलेली आहे.

भुईमुगाच्या तेलाची खूण

भुईमुगातही हा लांबीचा फाटा चालू आहे, मात्र वाहतूक थोडी. भुईमुगाच्या तेलात ओलिक आणि लिनोलिक मिळून सुमारे ८० टक्के भरतात. वीस, बावीस आणि चोवीस कार्बनची आम्ले सर्व मिळून ५ ते ८ टक्क्यांच्या आसपास असतात. वीस कार्बनच्या सरळ आम्लाचे ॲरॅकिडिक हे नाव भुईमुगाच्या ॲरॅकिस या शास्त्रीय नावावरूनच पडलेले आहे.

प्रमाण अल्प असले तरी या लांब साखळ्या लवकर गोठतात. आपल्याकडे पौष-माघाच्या थंडीत घाण्याच्या भुईमूग तेलाच्या तळाशी पांढुरका गढूळपणा दिसतो, त्यात त्यांचा मोठा वाटा असतो. केवळ तेवढ्यावरून तेलात भेसळ आहे असा ग्रह करून घेऊ नये. उन्हात ठेवताच ते पुन्हा निवळते.

उलट, हाच गुण तेलाची शुद्धता तपासण्याच्या कामी येतो. प्रयोगशाळेत तेलाचा साबण करून तो मद्यार्कात विरघळवतात, त्यात ॲसेटिक आम्ल घालतात आणि मिश्रण सावकाश थंड करीत कोणत्या तापमानास गढूळपणा येतो ते पाहतात. या चाचणीस बेलियर चाचणी म्हणतात. भुईमूग तेलासाठी हे तापमान ३९ ते ४१ अंश सेल्सिअस असावे असे आपल्या देशातील अन्न मानकांत ठरलेले आहे. तिळाच्या तेलासाठी ते २२ अंशांहून अधिक नसावे. दोहोंतील हा मोठा फरक लांब साखळ्यांमुळे पडतो. दुसरे हलके तेल मिसळले की हे तापमान ढळते आणि भेसळीचा संशय येतो.

तेल केव्हा भरते?

आता त्या मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळू. आरी जमिनीत शिरल्यावर पहिले सुमारे तीन आठवडे मुख्यतः टरफल वाढते. शेंग तिच्या पूर्ण आकारास येते, पण आत मऊ, पाणीदार गर आणि लहानसा दाणा असतो. दाणा खरा भरतो तो यानंतरच्या आठवड्यांत. सुरुवातीस त्यात पाणी व साखर अधिक असते. मग साखर घटत जाते आणि तेल चढत जाते. तयार झालेले तेल दाण्याच्या पेशीत अतिशय सूक्ष्म थेंबांच्या रूपात साठते. हे थेंब साधारणतः मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असतात. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनाचे पातळ अस्तर असते, म्हणून ते एकमेकांत मिसळून जात नाहीत. पक्व दाण्यात वजनाच्या सुमारे निम्मे तेल असते.

यावरून दिसेल की शेंगेचा आकार हा तेलाचा पुरावा नव्हे. मी वेल उपटून शेंगा पाहिल्या. त्या फोडल्या नाहीत. शिवाय जो नव्वद दिवसांचा हिशेब केला तो खरिपाचा होता. उन्हाळी पिकाची सुरुवात थंडीत होते, उगवण व वाढ रेंगाळते आणि तोच वाण तयार होण्यास अधिक दिवस घेतो. त्या शेतातील टरफले पूर्ण वाढलेली होती, पण त्यांत भरावयाचे तेल पुष्कळसे अद्याप यावयाचे होते. त्याची साखर पानांत तयार होत असतानाच आपण वेल उपटले. वाळताना दाण्यातील पाणी उडून गेले आणि साल सुरकुतली. तेल कोठे गेले नव्हते. ते आलेच नव्हते.

कच्च्या दाण्याचा तोटा वजनापुरता नसतो. दाणा पिकत जातो तसे ओलिक आम्लाचे प्रमाण वाढते व लिनोलिक घटते. लिनोलिक अधिक असलेले तेल लवकर खवट होते. म्हणून कच्च्या दाण्याचे तेल कमी निघते आणि टिकतेही कमी.

तेलाची किंमत रोप कशी मोजते?

नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये याचा हिशेब मांडला. एक ग्रॅम पिष्ट तयार करण्यास रोपाला सुमारे १.२ ग्रॅम साखर लागते, तर एक ग्रॅम तेल तयार करण्यास सुमारे ३ ग्रॅम. ज्वारीच्या दाण्यात मुख्यतः पिष्ट असते आणि भुईमुगाच्या दाण्यात निम्मे तेल. तेव्हा भुईमुगाचा एक क्विंटल दाणा ज्वारीच्या एका क्विंटलपेक्षा पानांवर कितीतरी अधिक भार टाकतो. "भुईमूग ज्वारीएवढा का उतरत नाही?" असे शेतकरी विचारतात. त्याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे.

या हिशेबातून तीन गोष्टी निघतात. पहिली गोष्ट पानांची. टिक्का आणि तांबेरा हे रोग बहुधा पीक अर्धे वाढल्यानंतर जोर धरतात. शेंगा लागून गेल्या, आता पाने गळाली तरी काय बिघडते, असे समजून पुष्कळ जण फवारणी सोडून देतात. वास्तविक तेल भरण्याचा काळ तोच. काळे-तपकिरी ठिपके दिसू लागताच शिफारस केलेल्या बुरशीनाशकाची फवारणी करावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. फुलोरा, आऱ्या सुटणे आणि शेंगा भरणे या तीन वेळी पिकास पाण्याचा ताण सोसत नाही. जामद्याच्या बंधाऱ्यावरील पाट असो, मन्याडचे पाणी असो की स्वतःची विहीर, उन्हाळ्यात पाणी आटत जाते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाणी थोडे असेल तर क्षेत्र आवरते घ्यावे. पण शेंगा भरतानाची पाळी चुकवू नये. शेंगा पक्व झाल्यावर मात्र पाणी तोडावे.

तिसरी गोष्ट जिप्समची. जिप्सममध्ये गंधक आहे आणि कॅल्शियमही. भुईमुगाची शेंग आपल्याला लागणारे कॅल्शियम मुळांकडून न घेता टरफलावाटे थेट भोवतालच्या मातीतून घेते. म्हणून हेक्टरी ४०० किलो जिप्समपैकी २०० किलो पेरणीच्या वेळी आणि २०० किलो आऱ्या सुटताना, झाडांच्या ओळींलगत द्यावे व मातीत मिसळावे. आऱ्या जमिनीत शिरल्यानंतर आंतरमशागत करून त्या मोडू नयेत.

लवकरही नको, उशीरही नको

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की पीक जितके अधिक दिवस उभे राहील तितके बरे. तसेही नाही. आपल्याकडील उपट्या भुईमुगाच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते. पक्व शेंगा जमिनीत असताना मृगाच्या सरी आल्या तर दाणे जागीच अंकुरतात. अंकुर फुटू लागला की दाण्यातील विकरे उलट कामाला लागतात. तेलाच्या साखळ्या तोडून त्यांची पुन्हा साखर करतात. आठवडेच्या आठवडे खपून भरलेले कोठार काही दिवसांत उघडले जाते. शिवाय आऱ्या कुजून शेंगा जमिनीतच तुटून राहतात.

कच्चेपणा एकीकडे आणि पाऊस दुसरीकडे, अशा कात्रीत सापडू नये याचा उपाय पेरणीतच आहे. उन्हाळी भुईमुगाची पेरणी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात, थंडीचा कडाका ओसरताच उरकावी. आधीचे पीक निघण्यास उशीर होणार हे दिसत असेल, तर त्या शेतात त्या वर्षी भुईमूग न घेतलेला बरा.

उपटण्याचा दिवस तारखेवरून न ठरवता शेंग फोडून ठरवावा. शेताच्या चार-पाच ठिकाणचे वेल उपटून सर्व शेंगा फोडाव्यात. पक्व शेंगेच्या टरफलाची आतील बाजू पांढरी न राहता तपकिरी-काळसर होते, दाण्याच्या सालीस वाणाचा रंग येतो आणि दाणा टणक लागतो. शंभर शेंगांपैकी ७० ते ७५ शेंगा अशा आढळल्या म्हणजे पीक काढणीस आले असे समजावे. भुईमुगाला अनेक दिवस फुले येत राहतात, त्यामुळे सर्वच शेंगा एकदम पिकण्याची वाट पाहू नये.

काढणीनंतर शेंगा ढिगात घालून ठेवू नयेत. ओलसर ढिगात बुरशी वाढते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ओलाव्यामुळे तेलही फुटून सुटी आम्ले वाढतात व दाणा खवट होतो. शेंगा पातळ पसरून ओलावा ८ ते ९ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवाव्यात. बियाण्याच्या शेंगा कडक उन्हात न वाळवता सावलीत वाळवाव्यात आणि फोडून न ठेवता शेंगांच्या रूपातच साठवाव्यात.

संशोधनाची दिशा

भुईमुगाच्या सुधारणेत आपल्या जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात तैवानहून आलेल्या सामग्रीतून निवड होऊन फुले प्रगती, म्हणजेच जेएल-२४, हा वाण निघाला. तो भारतभर पसरला आणि आफ्रिकेतील मलावी देशातही प्रसारित झाला.

त्या काळी निवडीचे लक्ष उत्पन्नावर आणि लवकर तयार होण्यावर होते. आता ते तेलाच्या साखळीवरही गेले आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथील संशोधकांनी भुईमुगाचा एक निराळा वाणप्रकार नोंदवला. त्यात ओलिक आम्लाचे लिनोलिक करणारे विकर काम करीत नाही. जंक्शनवरील तो फाटा बंद असल्यामुळे ओलिक आम्ल ८० टक्क्यांपर्यंत साठते आणि तेल दीर्घकाळ खवट होत नाही. हा गुण आणून जुनागढ येथील भुईमूग संशोधन संस्था आणि हैदराबादजवळील इक्रिसॅट यांनी गिरनार-४ आणि गिरनार-५ हे वाण तयार केले. २०२० मध्ये ते देशास अर्पण करण्यात आले. असे वाण घेताना ते आपल्या भागासाठी शिफारस केलेले आहेत की नाहीत, याची चौकशी करावी. त्यांचा माल इतर भुईमुगात मिसळला तर त्यांचा गुण हरवतो आणि अधिक भाव मिळण्याचे कारणही उरत नाही.

वाण कोणताही असो, दाण्यात तेल भरण्याचे काम पानांनी शेवटच्या आठवड्यांतच करावयाचे असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती अशी की, "उपटू की थांबू?" असा प्रश्न आला तर शेतावर जाऊन शेतकऱ्यांच्या समोर शेंगा फोडाव्यात, काळसर आणि पांढऱ्या टरफलांचे दोन ढीग करावेत व त्यांना स्वतःला मोजू द्यावेत. मीही आता तसेच करतो. ज्या घरी तो प्रश्न विचारला गेला, तेथे पुढील हंगामात पेरणी जानेवारीच्या अखेरीस झाली. काढणीपूर्वी मातोश्री स्वतः बांधावर बसून शेंगा फोडीत होत्या. "अजून आठ दिवस लागतील," असे त्यांनीच मला सांगितले, आणि त्यांचा अंदाज बरोबर ठरला.